चंद्रव्वानं तोळलेल्या वड्या

चंद्रव्वाला एकच गोष्ट अशी यायची की तीत तिचा हात धरणारं अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हतं. घासणं. हसू नका. भांडी सगळ्याच बायका घासतात, पण चंद्रव्वानं चिंच-राख लावून घासलेला तांब्या उंबऱ्यावर पालथा घातला की शेजारीण विचारायची, नवा आणला का गं म्हणून. नवरा गिरणीत होता, छातीत कापूस बसून गेला. मग तीही गिरणीत लागली. तिथल्या खडखडाटानं तिचा उजवा कान बाद केला आणि कान गेल्यावर गिरणीनं तिला बाद केलं. पोटी मूल नव्हतं. दुधनीला भाऊ होता, ईरप्पा. तो म्हणाला, ये की परत. ही म्हणाली, भावजयीच्या तोंडाकडं बघत भाकरी खाण्यापरीस लोकांची भांडी घाशीन. ताठ बाई! आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं ती कॉलेजात लागली, फिजिक्सच्या लॅबमध्ये, झाडायला आणि काचसामान धुवायला.

त्या लॅबमध्ये कुंडलिक सर होते. वैरागकडचे, शेतकऱ्याघरचे, त्यांच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच. पोरांना शिकवून झालं की माणूस मागच्या खोलीत जाऊन बसायचा तो दिवे लागले तरी बाहेर पडायचा नाही. पुण्याच्या एका साहेबांच्या हाताखाली त्यांचं संशोधन चाललं होतं. जेवणाची शुद्ध नसायची. चंद्रव्वा आपल्या फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांच्यापुढं सरकवायची आणि खाईपर्यंत दारात झाडू घेऊन उभी राहायची.

तिची घरची बोली कानडी. मराठी यायची, कामापुरती. सरांनी तिच्याकडनं चार कानडी शब्द उचलले आणि तेवढ्या भांडवलावर ते बिनधास्त कानडी हाणायला लागले.

"ऊटा आय्ता, अव्वा?" जेवलीस का आई, असं विचारायचं असायचं त्यांना.

"आय्तु. पर तुमची कानडी ऐकून म्हस आटंल, सर."

कानडीत धू म्हणायचं तर तोळि म्हणतात. सरांनी त्याला मराठी शेपूट लावलं आणि 'तोळून' करून टाकलं. "अव्वा, नळ्या तोळून ठिव." "अव्वा, ही भांडी तोळली का?" हळूहळू तो साऱ्या लॅबचाच शब्द झाला. धोंडीराम म्हणून लॅब असिस्टंट होता, भारी चावट, तोसुद्धा चहाचा कप पुढं करून म्हणायचा, "तोळ की गं चंद्रव्वा." जगात दुसरीकडं कुठं हा शब्द नव्हता, ह्या एका लॅबमध्ये होता. चंद्रव्वाला त्याचं फार वाटायचं. गिरणीत कुणी तिचं नावसुद्धा धड घेत नव्हतं, आणि इथं एवढी शिकलेली माणसं तिच्या घरचा शब्द तोंडात घेऊन फिरत होती.

आता सर काय करत होते ते सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं रडणं कळायचं नाही. दोन भुकट्या घ्यायच्या, एक तांबडी लोखंडाच्या गंजासारखी, एक पिवळी बिस्मथ नावाच्या धातूची. त्या खलात घोटघोट घोटायच्या, पोलादी साच्यात दाबून बोटाच्या पेराएवढी वडी पाडायची आणि ती भट्टीत भाजायची. साचा मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ओळखीनं करून घेतलेला. भाजलेल्या वड्या काळपट दिसायच्या. त्यातली एक तराजूच्या काट्याला दोऱ्यानं टांगायची, खाली विजेवरचं मोठं चुंबक ठेवायचं, वीज सोडायची आणि वडीचं वजन फरकतं का ते बघायचं.

एके दुपारी चंद्रव्वानं विचारलंच. "रोज रोज ह्या वड्या टांगून काय बघताय सर?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुला काय कळणार. सरांनी तिला स्टुलावर बसवलं. "अव्वा, ह्या वडीच्या आत बारीक बारीक सुया हायत असं समज. साध्या चुंबकात साऱ्या सुयांची तोंडं एकीकडं असत्यात, म्हणून ते ओढतं. हितं तसं न्हाय. एकीचं तोंड वर, शेजारणीचं खाली. परत एकीचं वर, एकीचं खाली. आत शिस्त हाय, पण बाहेर ओढ न्हाय."

"म्हंजी जावा-जावा," चंद्रव्वा म्हणाली. "घर एक, पर तोंडं उलटी."

सर हसले ते हसतच राहिले. "बरोब्बर! आणि लई तापवलं की ही शिस्त मोडती. मग कुणाचं तोंड कुणीकडं, पत्ता लागत न्हाय. ती नेमकी कुठल्या आचेला मोडती ते मी मोजतो. ह्याच वडीत विजेची पण असलीच एक शिस्त असती. चुंबकाची आणि विजेची, दोन्ही एका घरात नांदत्यात. असल्या वस्तू दुनियेत थोड्या. आणि अव्वा, माझं म्हणणं असं हाय की ह्या सुया अगदी सरळ उलट्या न्हायत. जरा कलत्या हायत. म्हणून थोडीशी ओढ शिल्लक राहती. ती ओढ मला दाखवायची हाय."

आणि त्यांनी दाखवली. वडी टांगली, वीज सोडली, आणि तराजूचा काटा सरकला. केसाएवढा असंल, पण सरकला. चंद्रव्वानं आपल्या डोळ्यांनी बघितला.

"अय्य शिवने! ओढली की!"

"ओढली ना? हे छापून आलं की मी डॉक्टर, अव्वा."

"सुई टोचणारा?"

"न्हाय गं. नुसता नावाचा."

"मग काय उपेग," असं म्हणून ती झाडायला लागली. पण त्या दिवशी घरी जाऊन तिनं देवापुढं विभूती लावली आणि गूळ सोडला. सर डॉक्टर होईपर्यंत गूळ तोंडात घालायचा नाही. आणि गुळाचा चहा हे तिचं एकुलतं एक व्यसन! गल्लीत मात्र तिनं कुणाला सुखानं झोपू दिलं नाही. आमच्या सरांनी दगडात ओढ शोधलीया, आमचे सर डॉक्टर होणार. नळावर, दळणाच्या रांगेत, तेच. बायका म्हणायच्या, पोटचा असता तर काय केलं असतं हिनं कुणास ठाऊक.

सरांनी पुण्याला कळवलं. पुण्याच्या साहेबांना खरंच वाटेना. त्यांनी उलट कळवलं की मी स्वतः येतो, माझ्यासमोर काटा हलू दे, मग लिहू. झालं! लॅबमध्ये लगीनघाई उडाली. खिडक्या पुसल्या, तारा बदलल्या, प्रिन्सिपॉलसाहेब दोनदा डोकावून गेले.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी सरांना ऑफिसातनं बोलावणं आलं. चंद्रव्वा नळापाशी होती. चांगला कान पाण्याच्या धारेकडं आणि गिरणीनं खाल्लेला दाराकडं. सर जाता जाता दारातनं ओरडले, "वड्या तेवढ्या तोलून ठिव! उद्या साहेब यायलेत!"

ते सांगितलं होतं धोंडीरामला, तो आतच आहे असं समजून. धोंडीराम चहाला गेला होता.

"व्हय सर," चंद्रव्वा म्हणाली.

वड्यांना हात लावायचा नसतो हे तिला पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांत तिनं त्या कपाटाची नुसती काच पुसली होती. ती क्षणभर थांबलीही. पण मग तिला वाटलं, आज सर आपल्या तोंडानं म्हणालेत. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली चांगली वस्तू घासूनच ठेवतात की! आणि ह्या कामाला सरांना दुसरं कुणी आठवलं नाही, चंद्रव्वाच आठवली. डब्यातली चिंच तिनं पाण्यात कालवली, चुलीची राख तर ती लॅबमध्ये ठेवायचीच, वर चिमूटभर बारीक वाळू घेतली, आणि देवाची उपकरणी घासावीत तशी एकेक वडी काथ्यानं घासली. काळपट थर निघाला, आतनं तांबूस वड्या निघाल्या. तिनं त्या उन्हात सुकवल्या, पुसल्या आणि कपाटात ओळीनं मांडल्या. धोंडीराम आला तेव्हा त्यानं विचारलं, सरांनी काही सांगितलं का? ती म्हणाली, सांगितलं, म्या केलं. सर परत आले ते प्रिन्सिपॉलसाहेबांना घेऊन, बोलत बोलत, आणि कपाट काही कुणी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चंद्रव्वा नवं लुगडं नेसून दारामागं उभी होती. सरांनी वडी काढली, जरा थबकले, उजेडाकडं धरून बघितली, पण साहेब घड्याळ बघत होते म्हणून तशीच दोऱ्याला बांधली. वीज सोडली.

काटा हलला नाही.

सरांनी तारा चाचपल्या. पुन्हा वीज सोडली. चुंबक घुमत होतं आणि काटा ढिम्म. दुसरी वडी टांगली, तिसरी टांगली. प्रिन्सिपॉलसाहेब रुमालानं मान पुसायला लागले. सर कपाटाकडं वळले.

"ह्या वड्यांना कुणी हात लावला?"

आणि ती खुळी दारामागनं हसत पुढं आली हो! "म्या तोळल्या की सर. चिंच लावून. कशा निघाल्या बघा."

"तोळल्या? कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की. तोळून ठिव म्हनला."

"तोलून!" सर ओरडले. त्यांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. "तोलून म्हणालो मी! वजन! वजन करून!" आणि मग सगळ्यांसमोर, साहेबांसमोर, "वाटोळं केलंस माझं, अव्वा. इतक्या वर्षांचं वाटोळं केलंस."

धोंडीराम मागं फिस्सकन हसला. तिचा डावा कान चांगला होता, तिला ते ऐकू आलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी एक वडी हातावर घेतली, पोलादी साचा उचलून त्याच्या आत बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "ह्या बाईंनी नेमकं काय काय लावलं?" पण ते ऐकायला चंद्रव्वा थांबली नव्हती. तिनं फडकं पिळून नळावर वाळत घातलं आणि ती निघाली. खोलीला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीकडं टाकली आणि गाडीत बसून दुधनीला भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. जिच्या हातची भाकरी खायची नाही म्हणाली होती, त्या भावजयीच्या, शांतम्माच्या, हातची भाकरी तिनं मुकाट्यानं खाल्ली.

शांतम्मा वाईट नव्हती, फटकळ होती. तिला वाटलं, नणंद आली, आता निदान भांडी तरी लखलखतील. पण चंद्रव्वा भांड्यांना हात लावेना. निवडटिपण करायची, गोठा झाडायची, गोवऱ्या थापायची, पण चिंच कालवायची वेळ आली की उठून जायची. देवाची समई काळी पडत चालली. "सोलापुरात लई नाव होतं म्हणं घासण्यात," शांतम्मा एकदा बोलली. चंद्रव्वा आपल्या तळहातांकडं बघत राहिली. ह्याच हातांनी केलं, एवढंच तिच्या डोक्यात. एका माणसानं उपाशी राहून ओढ शोधली आणि ह्या हातांनी ती घासून मोरीत सोडली.

कडबा विकायला सोलापूरला जाणारी माणसं यायची, ती सांगायची की कॉलेजसमोरच्या हॉटेलात धोंडीराम गोष्ट रंगवून सांगतो, बाईनं शोध धुऊन टाकला म्हणतो, आणि लोक पोट धरधरून हसतात. ईरप्पा भडकायचा. ती म्हणायची, "खरंच हाय की ते. हसू दे."

ज्वारी निसवून कणसं बाहेर पडायच्या सुमाराला एक दिवस कुंडलिक सर दारात आले. वाळले होते. ईरप्पानं घोंगडं टाकलं, शांतम्मा चहा ठेवायला आत गेली. चंद्रव्वा भिंतीला चिकटून उभी राहिली, तिच्यानं मान वर करवेना.

"अव्वा, बस. तुला सांगायला आलोय," सर म्हणाले. "तू काहीच बिघडवलं न्हाईस."

तिनं खाली बघतच नाही म्हणून मान हलवली.

"ऐक तर. तू गेल्यावर मी परत वड्या पाडल्या. त्याच साच्यात. काटा हलला. मग मी त्या तुझ्यासारख्या घासल्या, चिंच घेऊन, राख घेऊन. काटा थांबला. मग पितळी साचा करून घेतला. त्यातल्या वड्यांनी पहिल्यापासनंच काटा हलवला न्हाय. कळलं का? ओढ वडीत नव्हती, अव्वा. पोलादी साच्याचं लोखंड घासून वडीच्या अंगाला लागत होतं, भट्टीत भाजून तिथंच बसत होतं. तेच ओढत होतं. तू ते काढलंस. सुया कलत्या न्हायतच. सरळ उलट्या हायत, तू म्हणालीस तशा, जावा-जावा. मी खोटं छापणार होतो, ते तुझ्यामुळं वाचलं. आणि मी तुला साऱ्यांसमोर..."

चंद्रव्वानं आता मान वर केली. त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस किती मऊ आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भाकरी करपली तरी छान झालीया म्हणणारा हा. एवढी गाडी करून, दुधनीला, एका झाडणाऱ्या बाईचं मन राखायला आलाय.

"लई केलं सर," ती म्हणाली. "पर माझ्यासाठी खोटं बोलू नगा."

"खोटं न्हाय अव्वा! शपथ घेतो. माझ्या आईची शपथ."

"म्या बघितला की काटा. ह्या डोळ्यांनी. तुमी उपाशी बसत होता ते बघितलं. ते सारं का घाणीसाठी?"

"व्हय. घाणच होती ती. नव्हतंच काही त्यात, अव्वा."

ती पुढं आली आणि तिनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिनं त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता केलं.

"तम्मा," ती म्हणाली. कानडीत धाकट्याला, लेकराला असं म्हणतात. "तम्मा, माझ्या हातनं गेलं म्हण. जलमभर म्हण, म्या ऐकून घीन. तोळणारे हात माझेच हायत, मला सोसतंय. पर नव्हतंच असं म्हणू नगो रे. होतं म्हण."

खरं काय ते सरांनी मोजून काढलं होतं, पुन्हा पुन्हा पडताळून बघितलं होतं. पुण्याला तसं कळवूनही टाकलं होतं, आणि त्या पायी डॉक्टर होणं आता कुठल्या कुठं लांब गेलं होतं. सगळीकडं खरं बोलून ते इथं आले होते. तिला सुटं करायला आले होते आणि ती सुटायला तयार नव्हती. तिला सुटका नको होती, तिला त्यांचा शोध हवा होता. तो राहावा म्हणून ती दोष स्वतःकडं ठेवून घ्यायला तयार होती.

सरांनी तिचा हात तोंडावरनं काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. खरबरीत, वर्षानुवर्षं चिंचेनं खाल्लेला हात.

"व्हय अव्वा," ते म्हणाले. "होती ओढ."

"होती न्हवं?"

"होती. तुझ्या हातनं गेली."

मग ती रडली. इतके दिवस रडली नव्हती, ती आता पदर तोंडात कोंबून रडली, आणि सर तिच्यासमोर मान खाली घालून बसले. शांतम्मानं चहा आणला. सरांच्या कपात गूळ होता. चंद्रव्वानं आपला कप बिनगुळाचाच मागून घेतला. सरांनी ते बघितलं, पण का म्हणून विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

सर निघाल्यावर ती परसात गेली, चिंच कालवली आणि काळी पडलेली समई घासायला घेतली. पुढं कितीतरी वर्षं दुधनीत कुणीही नवं माणूस भेटलं की ती त्याला सांगायची, आमच्या सरांनी दगडात ओढ शोधली होती, खरी ओढ, आणि ती म्या तोळून टाकली. गूळ तिनं मरेपर्यंत खाल्ला नाही.